बांगडीच्या जागी नांगर

आत्याला अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मळा सोडायला सांगितलं होतं. सांगणारा माझा चुलतभाऊ, थोरल्या काकाचा एकुलता एक. आमच्याकडे सालदार ठेवणं, जमीन देणं-घेणं, सगळं अखाजीला नव्यानं सुरू होतं, म्हणून त्यानं ती तिथी धरली. मळा दुसरबीडच्या अलीकडे, आमच्या गावच्या शिवारात. खडकाळ उतार, एक विहीर, एक कुडाची झोपडी, आणि त्या झोपडीत आत्या. ती माझ्या बापाची सख्खी बहीण. तिला मोताळ्याकडे दिली होती. मूलबाळ झालं नाही, नवरा गेला तशी माहेरी आली, आणि थोरल्या काकानं तिला मळ्यात राहू दिलं. काका होता तोवर कोणी बोललं नाही. काका गेला आणि चुलतभावाला मळा विकायचा झाला. गिऱ्हाईकही ठरलं होतं, जालन्याकडचं, म्हणजे तेव्हाच्या मोगलाईतलं, निजामाच्या मुलखातलं.

आत्याचं म्हणणं एकच होतं. हा मळा माझ्या मायनं माझ्या नावानं लिहून ठेवला आहे. माय म्हणजे माझी आजी. कुठं लिहिलं, कधी लिहिलं, कोणापुढं लिहिलं, ते तिला सांगता येईना. तिला सासरी नुसता निरोप आला होता. पुढं गावात प्लेग शिरला, आजी त्यात गेली, आणि गोष्ट तिथंच राहिली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. आजीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ती होती. आमच्याकडे भाट येऊन वंश म्हणायचा तो बापाचा, आज्याचा, पणज्याचा. बाईचं नाव त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

चुलतभाऊ पारावर चार माणसांत बोलला, "आजीले अंगठा कुठं लावा ते समजत नसंल, अन् ते वसीयतनामा करनार?" मग माझ्याकडं वळला. "अन् तू काऊन मधात पडून राह्यला बे? दुसरी नापास मानूस कागद धुंडाले चालला."

मी दुसरी पास आहे. तिसरीत गेलो आणि मग शाळेत गेलो नाही, ही गोष्ट वेगळी. पण मास्तरांनी पास केलेल्या माणसाला कोणी नापास म्हटलेलं मला खपत नाही, आजही खपत नाही. मळा वाटणीत थोरल्या घराला गेलेला, त्यात माझं एक ढेकूळ नव्हतं. तरी मी त्याच पारावर सांगितलं की कागद असेल तर मी आणतो. गावात एकदा बोललं की पाय मागं घेता येत नाही, आणि घेण्याची मला सवयही नाही.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला. मालकी म्हणायला निजामाची, कारभार नागपूरचा. आमच्या मळ्याचीही गत तशीच असंल असं मी मनाशी म्हटलं, एकाच्या नावावर आणि दुसऱ्याच्या हातात. आमचा तालुका मेहकर. दुसरबीडहून मोटारीत बसलो आणि रजिस्ट्रार कचेरीत जाऊन उभा राहिलो.

कारकून वयानं पिकलेला, तपकीर ओढणारा, आवाजात जरब. मी सांगितलं, आजीचं मृत्युपत्र शोधायचं आहे. त्यानं वर्ष विचारलं. मी म्हटलं, प्लेगाच्या आधीचं. तो म्हणाला, "कोणत्या प्लेगाच्या? आमच्याकडे तो पाहुण्यासारखा पुन्हा पुन्हा येतो." वर्ष कळल्याशिवाय वहीचा अंदाज लागत नाही. नावांची सूची असते, पण त्या काळातल्या सूचीत वाळवीनं घर केलेलं. त्यानं ती मला दाखवली. पानं चाळणीसारखी झाली होती, माणसांची नावं अर्धी अर्धी उरली होती.

मी जायला निघेना. तो लिहीत राहिला, मी उभा राहिलो. दुपार झाली, त्यानं डबा खाल्ला, मी उभाच. शेवटी कंटाळून म्हणाला, "एक जागा राहते." लोक दस्त नोंदवतात, त्याची नक्कल वहीत उतरते, आणि मूळ कागद मालकानं परत न्यायचा असतो. पुष्कळ लोक येतच नाहीत. कोणी विसरतो, कोणी मरतो. असे बेवारस कागद कचेरी काही काळ सांभाळते आणि मग जाळून टाकते.

मी विचारलं, मग आजीचाही जाळला असंल?

"नाही," तो म्हणाला. "बाकी काही जाळता येतं. मृत्युपत्र जाळता येत नाही."

"काऊन?"

"कायदा तसा आहे." मग तपकिरीची डबी बंद करता करता, माझ्यासाठी नव्हे, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "बाकीच्यांना पुन्हा लिहून मागता येतं. मेलेल्याला कुठून मागणार?"

ही गोष्ट मला माहीत नव्हती. सरकार म्हणजे सारा घेणारं, जप्ती करणारं, एवढीच माझी समजूत. त्या सरकारनं मेलेल्या माणसांचा शब्द जाळायचा नाही असं ठरवलं होतं आणि कोणी विचारायला येवो न येवो, तो लोखंडी कपाटात ठेवला होता. मी बाहेर गेलो, वहाणा काढल्या आणि पुन्हा आत आलो. कारकून माझ्या पायांकडं पाहत राहिला आणि मग किल्ली घेऊन उठला.

कपाटातून लाल कापडात बांधलेले कागदांचे दोन गठ्ठे, रुमाल म्हणतात ते, निघाले, एक मोठा, एक लहान. कागद सगळे मोडीत. मला बाळबोध येतं, तेही बोट ठेवून. मोडी म्हणजे काळ्या मुंग्यांची रांग. पण खाली, जिथं सही असते, तिथं मला वाचता येत होतं. त्या काळी ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याची खूण काढायचा. कुणब्याची निशाणी नांगर, शिंप्याची कात्री, वाण्याची तराजू, सुताराचा वाकस. आणि बाई कोणाचीही असो, तिची निशाणी बांगडी. कारकुनानं स्वतःच कागद खुणांवरून वेगळे बांधले होते. मोठा रुमाल पुरुषांचा, लहान बायांचा. मी लहान मागितला.

एकेक कागद उलटत गेलो. कोणाची बांगडी गोल, कोणाची अंड्यासारखी, एकीची तर टोकं जुळलीच नव्हती, फुटल्यासारखी. प्रत्येक बांगडीमागं एक हात होता, आणि तो हात कधीच जळून गेला होता. गावोगावच्या म्हाताऱ्या तिथं एकावर एक गुमान बसल्या आहेत आणि आपलं कोणी येतं का पाहत आहेत, असं मला वाटलं. मी बांगडी दाखवायचो, कारकून नाव वाचायचा, आणि दर वेळी नाव दुसऱ्याच कोणाचं निघायचं. रुमाल संपला. आजी त्यात नव्हती.

गावात आलो तेव्हा चुलतभावानं विचारलंसुद्धा नाही. माझं तोंड पाहून त्याला समजलं. मी सरळ मळ्यात गेलो. आत्या तुरीच्या काड्या बांधत होती. मी सांगितलं, सगळ्या बांगड्या पाहिल्या, तिची नाही.

आत्यानं काड्या खाली ठेवल्या. "बांगडी?" ती म्हणाली. "मायच्या हातात बांगडी कुठं व्हती?"

मी म्हटलं, अगं निशाणी, कागदावरची. विधवा असली तरी निशाणी बांगडीच असते.

तिनं विहिरीकडं पाहिलं. मग म्हणाली, "तुह्या थोरल्या काकानं मले आण घातली व्हती. आता तो नाही. सांगतो आयक."

ते ऐकताना मी खाली बसलो ते अंधार पडेस्तोवर उठलो नाही. आजा लवकर मेला. पोरं लहान, सगळी जमीन दिराच्या हाती. दीर भाकरीपुरतं द्यायचा. आजीनं माहेरचे चांदीचे गोट, हातातली भरीव कडी, मोडले आणि हा खडकाळ तुकडा घेतला, कारण दुसरा कोणी घेत नव्हता. दिराला राग आला. त्यानं गावात सांगून ठेवलं की हिच्या तुकड्यात कोणी नांगर घालायचा नाही. आणि कोणी घातला नाही.

आता आमच्याकडे बाई काय करत नाही? निंदते, वेचते, पेरणीला तिफणीमागं बियाण्याचं सरतं धरते. पण नांगराची मूठ धरत नाही. बाईनं नांगर धरला तर पाऊस रुसतो, असं मानणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. आजीनं धरला. दिवसाढवळ्या, पदर खोचून. माहेरहून बैल आणले होते. बैलांपुढं आत्या चालत होती, तेव्हा परकरातली पोर. सगळं गाव बांधावर उभं होतं.

"त्या साली पाऊस आला नसता," आत्या म्हणाली, "त गावानं तिले मारलंच असतं. आला बाप्पा वेळेवर."

पुढं लेक मोठे झाले, दोघांच्या सोयरिकी यायला लागल्या, आणि त्यांना आईची लाज वाटायला लागली. मायनं नांगर धरला हे कळलं तर पोरी कोण देणार? म्हणून घरात त्या गोष्टीवर झाकण पडलं. माझा बापही त्यात होता. त्यानं मला शिवारातला एकेक दगड दाखवला होता, पण हे कधी सांगितलं नाही.

मी विचारलं, आधी काऊन नाही सांगितलं? आत्या म्हणाली, "तू बांगडी धुंडतो हे मले काय माहीत?"

पहिल्या मोटारीनं मेहकर. कारकुनाला म्हटलं, मोठा रुमाल काढा. तो म्हणाला, तो पुरुषांचा. मी म्हटलं, ठाऊक आहे, मला नांगर पाहायचे आहेत. तो कुरकुरला, पण मागच्या वेळी मी किती वेळ उभा राहू शकतो हे त्यानं पाहिलं होतं.

नांगर पुष्कळ होते. मी उभा जन्म नांगरामागं चाललेला माणूस, आणि ते पाहून मला हसू यायला लागलं. लिहिणाऱ्यानं आपणच दोन रेघा ओढायच्या आणि कुणब्यानं लेखणीला हात लावायचा, अशी ती चाल. एकाही नांगराला फाळ धड नव्हता. आणि मग एक कागद आला. त्यावर शाई पाझरलेली, रेघ थरथरलेली, पण नांगर पुरा होता. फाळ, पुढचा लांब इसाड, मागचं उभं रुमणं, वरची मूठ, आणि मूठ जिथं हातानं झिजते तिथं ती बारीक काढलेली. या नांगराला बैल जुंपता आले असते. मी कागद कारकुनाच्या पुढं सरकवला.

त्यानं वरची ओळ वाचली. नाव आजीचं होतं.

"हे मीच पुरुषांत बांधलं," तो म्हणाला. चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला लागला. आवाजातली जरब कुठं गेली कळलं नाही. ते शब्द मी पुढं नकलेवरून पाठ केले, म्हणून जसेच्या तसे लिहितो:

"लिहून ठेविते ऐसे की, माझे शरीराचा आता भरवसा नाही. माहेरचे गोट मोडून मी जमीन घेतली. ती माझी. नवऱ्याची नव्हे, दिराची नव्हे. तीत कोणी नांगर घालीना म्हणून मी घातला. बैलांपुढे माझी लेक चालली. लेकांना बापाची जमीन आहे. लेकीला बापाचे काही नाही. सबब ही जमीन माझे मागे लेकीची. ती सासरी नांदली तरी तिची, परत आली तरी तिची."

खाली लिहिणाऱ्या अर्जनवीसानं आपल्यातर्फे दोन ओळी टाकल्या होत्या. निशाणी बांगडी करू काय असे पुसले असता बाई म्हणाली की बांगडी मोडूनच जमीन घेतली, आता बांगडी कोठून आणू, नांगर काढते. सबब निशाणी नांगर, बाईचे हातची.

वाचून झाल्यावर कारकुनानं कागद माझ्याकडं वळवला. जिचं तोंड मी पाहिलं नाही, जिच्यावर माझ्या बापानं झाकण घातलं, ती बाई मोडीतून, वाळवीतून वाट काढून माझ्या पुढ्यात उभी राहिली होती आणि बोलत होती. मी त्या शाईवर बोट ठेवलं. कारकून एरवी शाईला कोणाला हात लावू देत नसे. त्यानं दुसरीकडं पाहिलं.

शिक्क्याची नक्कल बाळबोधीत करून घेतली आणि मळ्यात आत्यासमोर, चुलतभावासमोर, मी ती बोट ठेवून स्वतः वाचली. आत्या ऐकताना बैलांपुढं चालल्यासारखी हळूहळू डुलत होती. चुलतभावानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "नांगर त मीबी काढून दाखवतो. बाईनं काढला हे पाह्यलं कोनं?"

साक्षी दोन होते. एक तो अर्जनवीस, तो कधीच वारला. दुसरा आमच्या गावी फेरी करणारा मणियार, बायांना बांगड्या भरणारा. कागदावर त्याची सही उर्दूत होती. तो म्हातारा होऊन देऊळगाव राजाला लेकाकडं राहतो असं कळलं. चुलतभाऊ म्हणाला, त्यानं माझ्यासमोर सांगावं, मग पाहू. मी म्हटलं, चल. आमच्या घरातला हट्ट एकट्या माझ्याच वाट्याला आलेला नाही.

तो मणियार चाचा देऊळगावात, बालाजीच्या देवळापासून जवळच एका बोळात, ओट्यावर बसलेला सापडला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आम्ही कोण ते सांगितलं, आजीचं नाव सांगितलं. त्याचा चेहरा असा उजळला की जणू तिच्या हातचं पाणी पिऊन आत्ताच उठून आला आहे. म्हणाला, नवरा होता तोवर तिला बांगड्या मीच भरल्या, विधवा झाल्यावर ती एकही घेत नव्हती, पण उन्हाच्या वेळी मळ्यात बोलावून भाकर-पाणी द्यायची. गावातला एकही माणूस दिराच्या भीतीनं साक्षीला येईना, म्हणून तिनं मला विचारलं.

चुलतभाऊ मध्येच म्हणाला, "चाचा, तुम्हाले डोयानं दिसत नाही. कोन बाई व्हती, कोन नाही, तुम्हाले काय याद राहनार?"

चाचाला राग आला. "अबे, मी तोंडं कधी पाह्यली? जिंदगीभर हात पाह्यले. या सात गावातल्या बायाइचे हात मी अंधारात सांगतो. हात दे इकडं."

चुलतभावाला समजलं नाही, पण हात दिला. चाचानं बांगडी चढवतात तसा अंगठा तळव्यात मिटवला, बोटांची पेरं एकावर एक दाबली, हळूच दाबत मनगटापर्यंत आला. तिथं थांबला. पुन्हा करंगळीवर गेला. करंगळी आतल्या बाजूनं वाकडी होती, ती मी जन्मभर पाहत आलो होतो आणि कधी पाहिली नव्हती.

"ह्योच हात," चाचा म्हणाला. "बाप्याचा झाला, पन हात तिचाच. ह्याच करंगळीनं शाई पुसली तिनं कागदावर. अर्जनवीस म्हने, बाई, रेघ बिघडली. ते म्हने, जमीन बिघडली नाही ना."

चुलतभावानं हात मागं घेतला नाही. चाचाच्या मुठीत तसाच राहू दिला. मग अगदी हळू विचारलं, "आनखी काय म्हनाली?"

चाचा सांगत राहिला आणि तो ऐकत राहिला, पोरगं ऐकतं तसा. मी बाजूला बसलो होतो. नाही म्हटलं तरी मेहकरच्या खेपा मी केल्या, उभा मी राहिलो, नांगर मी ओळखला. म्हणून मीही हात पुढं केला. चाचानं दाबला, एकदाच, आणि सोडून दिला.

"तुहा हात तुह्या मायच्या घरचा असंल, बेटा," तो म्हणाला.

परतीच्या मोटारीत चुलतभाऊ खिडकीशी बसला होता आणि करंगळी दुसऱ्या हातानं सरळ करून पाहत होता. ती होत नव्हती. दुसरबीड जवळ आलं तेव्हा म्हणाला, "गिऱ्हाइकाले सांगून टाकतो. उद्या पटवाऱ्याकडं जाऊ, आत्याचं नाव लावू." अखाजीला त्यानं आपली बैलजोडी मळ्यात नेली आणि आत्याच्या डोळ्यादेखत उतारावर नांगराचा पहिला तास ओढला. आत्या मरेपर्यंत त्याच झोपडीत राहिली.

हे सगळं खरं आहे, आणि चाचाही खरं बोलला असंल. पण माझा हात त्यानं नीट दाबलाच नाही, हे मी आजही सांगतो.